बर्लिन सोडताय? आधी बाटल्या परत करा!

जर्मन विद्यापीठांच्या कॅलेंडरात उन्हाळा सहा महिन्यांचा असतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर म्हणजे 'उन्हाळी सत्र', मग एप्रिलात बाहेर बर्फ भुरभुरत का असेना. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता सर्वांत जास्त भारतीय आहेत. २०२२-२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं. त्यामुळे सप्टेंबर संपताना बर्लिनमध्ये बॅगा भरणाऱ्यांत एखादा पुणेकर, एखादी नागपूरकर हमखास सापडणार. पर्यटकाचं सोपं असतं. ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर फोटो काढला की तो मोकळा. उन्हाळाभर राहिलेल्या माणसाला मात्र हे शहर सगळे हिशेब चुकते केल्याशिवाय हलू देत नाही. आणि खरं सांगायचं तर हे हिशेब मिटवतानाच बर्लिन सगळ्यात जास्त कळतं. म्हणून ही निरोपाची यादी.

निरोपाची नोटीस जुलैत

भाडेकरार बिनमुदतीचा असेल, तर घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची. ३० सप्टेंबरला निघायचं तर जुलैच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र घरमालकाच्या हातात पडायला हवं. तेही कागदावर, शाईच्या सहीनं. ईमेल चालत नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. म्हणजे तळ्यात पहिली डुबकी मारायच्या सुमारालाच 'आम्ही निघालो' असं लिहून द्यायचं! दुसऱ्याच्या खोलीत ठरावीक महिन्यांसाठी राहणारे तेवढे या भानगडीतून सुटतात.

सरकारला टाटा

घर मिळालं की दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवायचा, हा नियम बर्लिनला आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात पाठ करतो. या नोंदणीला म्हणतात आनमेल्डुंग. तिची धाकटी बहीण आबमेल्डुंग मात्र निघतानाच भेटते: देश सोडताना नाव कमी करून घेणं. गावाला जाताना दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगून जावं, तसंच हे. फक्त इथे ते विसरलं तर दंड होऊ शकतो. घाई केलेलीही चालत नाही. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी किंवा नंतरच्या दोन आठवड्यांत, एवढीच खिडकी उघडी असते. फी शून्य. बदल्यात मिळणारा कागद जपून ठेवा, कारण विमा, इंटरनेट, बँक सगळे तोच मागतात.

टीव्ही नाही? तरी पैसे द्या

जर्मनीत प्रत्येक घराला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. घरात टीव्ही आहे की नाही, असला तर कोण बघतं, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. आकारणी माणशी नाही, घरामागे. त्यामुळे चार जण मिळून राहत असतील तर एकानं भरायचे आणि बाकीच्यांनी त्याला द्यायचे. निघताना नाव कमी केलं म्हणजे हेही आपोआप बंद होईल, अशा भ्रमात राहू नका. खातं आपल्या नावावर असेल तर वेगळं पत्र पाठवायचं.

फ्लॅट नंबर? तो काय असतो?

बर्लिनच्या इमारतींत सहसा फ्लॅटला नंबरच नसतो. दारावरच्या बेलशेजारी आडनावाची पट्टी असते आणि पोस्टमन तीच वाचून टपाल टाकतो. पट्टीवर नाव नाही म्हणजे पत्र नाही. बँकेचं कार्डसुद्धा 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत जातं. अंगठ्याएवढ्या त्या पट्टीवर 'कुलकर्णी' बसवताना अक्षरं मुंगीएवढी होतात, 'सहस्रबुद्धे' असाल तर देवच राखो. निघायच्या दिवशी नखानं खरवडून ती पट्टी काढायची. खालून आधीच्या भाडेकरूचं अर्धं नाव डोकावतं.

घरांच्या नंबरांचीही तऱ्हा आहे. जुन्या रस्त्यांवर एका बाजूनं आकडे चढत जातात आणि दुसऱ्या बाजूनं उलटे परत येतात, त्यामुळे ३ नंबरसमोर १८० असू शकतो. कुर्फ्युर्स्टनडाम हा तिथला झगमगता रस्ता तर सुरूच ११ नंबरपासून होतो.

हळद विरुद्ध घरमालकीण

घर ताब्यात देणं हा रीतसर कार्यक्रम असतो. घरमालकीणबाई हातात छापील तक्ता घेऊन येतात. मीटरचे आकडे टिपतात, किल्ल्या मोजतात, खिडक्यांच्या फटीत बोट फिरवतात आणि मग नळापाशी वाकतात. बर्लिनचं पाणी जड. नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. तो व्हिनेगरनं घासून काढलाय की नाही, यावर त्यांचं तुमच्याविषयीचं मत ठरतं. तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट त्यांच्याकडे असतं, तेव्हा मत महत्त्वाचं!

मराठी भाडेकरूचा खास शत्रू म्हणजे ओट्यावरचा हळदीचा डाग. त्यावर उपाय फुकटचा आहे. हळदीतला पिवळा रंग, कुरकुमिन, उजेडात विघटित होतो. डाग पडलेला पांढरा टॉवेल, प्लॅस्टिकचा डबा, कापायची फळी खिडकीत ठेवून द्या. जूनअखेर बर्लिनमध्ये सूर्य पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो, म्हणजे डागाची खैर नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र सातच्या आत सूर्यास्त. तेव्हा हळद लवकर काढायला घ्या.

स्वयंपाकघर उचलून नेणारे लोक

आपण घर बदलताना फार तर गॅसची शेगडी नेतो. जर्मन कुटुंबं अख्खं स्वयंपाकघर नेतात: ओटा, कपाटं, सिंक, सगळं. भाड्याच्या रिकाम्या घरात स्वयंपाकघर म्हणजे अनेकदा नुसत्या भिंती आणि पाण्याचा पाइप. छतातून लोंबणाऱ्या वायरींना दिवेही ज्यानं त्यानं लावायचे आणि निघताना काढून न्यायचे. ओटा न्यायचा कंटाळा आलाच, तर पुढच्या भाडेकरूला विकायचा.

बाटल्यांची बँक

आता मुख्य हिशेब. जर्मनीत पाण्याची, बिअरची, सरबताची बाटली घेताना तिचं डिपॉझिट बिलातच लागतं. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, पुन्हा भरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला १५, एकदाच वापरायची बाटली किंवा कॅन असेल तर २५. एकदाच वापरायच्या वेष्टनांना ही सक्ती २००३ पासून. काचेची बाटली तर धुऊन पन्नासेक वेळा पुन्हा भरता येते.

सुपरमार्केटातल्या यंत्राच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवायची. ते तिला गोल फिरवून पट्टी वाचतं, गिळतं आणि आतून कडाकड चुरडल्याचा आवाज येतो. कॅन चेपला असेल आणि पट्टी वाचता आली नाही, तर तोंड वाकडं करून परत देतं. शेवटी चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे. उन्हाळाभर खाटेखाली साठवलेल्या बाटल्यांतून निघायच्या दिवशीचं जेवण सुटतं.

ज्यांना तेवढाही वेळ नसतो, ते बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभ्या करतात. बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये, म्हणून. हा नियम नव्हे, रीत आहे.

फुटपाथवरचं दुकान

विमानात २३ किलो आणि खोलीत पन्नास किलो सामान, हा पेच सुटतो फुटपाथवर. खोक्यावर 'फुकट न्या' लिहायचं, आत प्लेटा, पुस्तकं, दिवा, एका पायाचा बूट असं काहीही ठेवायचं आणि मागे न बघता निघायचं. संध्याकाळपर्यंत चांगलं ते नाहीसं होतं. कायद्यानं हा रस्त्यावर कचरा टाकण्याचाच प्रकार आहे आणि दंडही होऊ शकतो. तरी अर्ध्या बर्लिनचे कप अशाच खोक्यांतून आलेले असतात.

रविवारी निघू नका

रविवारी सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकामी काच मोठ्या हौदात टाकायची नाही, शेजाऱ्यांची शांतता भंगते. शेवटच्या क्षणी चिकटपट्टी संपली तर मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या दुकानांकडे धावायचं. मात्र माउअरपार्कचा जुना बाजार रविवारीच भरतो आणि चांगल्या हवेत तिथल्या दगडी पायऱ्यांच्या मैदानात कराओकेही रंगतो. पूर्वी इथून बर्लिनची भिंत जात होती. आता तिथे शेकडो अनोळखी लोकांसमोर कुणीही उभं राहून बेसूर गावं आणि टाळ्या घ्याव्यात.

पॅकिंग शिकावं तर यांच्याकडून

बॅग मावत नाही म्हणून रडणाऱ्यांनी १९९५ चा उन्हाळा आठवावा. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंत जोडप्यानं राइशस्टाग, म्हणजे संसदेची अख्खी इमारत कापडात गुंडाळली होती. एक लाख चौरस मीटरहून जास्त रुपेरी कापड आणि पंधरा किलोमीटरहून लांब दोर. कल्पना १९७१ ची. परवानगीसाठी जर्मन संसदेत रीतसर चर्चा आणि मतदान झालं: २९२ विरुद्ध २२३. गुंडाळलेली इमारत दोन आठवडे राहिली आणि सुमारे ५० लाख लोक ती बघून गेले. एवढं बांधून पुन्हा नीट सोडवलं. आपली तर एक बॅग आहे.

गोल गोल राणी

शहराचं शेवटचं दर्शन स्वस्तात हवं असेल, तर रिंगबानमध्ये बसा. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, एका तासात एक फेरी. एस-४१ घड्याळाच्या दिशेनं फिरते, एस-४२ उलट. १९६१ मध्ये भिंतीनं हे वर्तुळ तोडलं. ते पुन्हा पूर्ण जुळायला २००२ उजाडलं. जिथे चढलात तिथेच उतरता, तेव्हा 'चुकीची गाडी पकडली' असं होतच नाही.

मेट्रोत फाटकं नाहीत, टर्नस्टाइल नाहीत. साध्या वेशातला तपासनीस मात्र कधीही उगवतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो. जानेवारी २०१८ मध्ये बर्लिनच्या वाहतूक कंपनीनं आदिदासबरोबर ५०० जोडी बूट काढले. सीटच्या कापडाचीच नक्षी आणि बुटाच्या जिभेवर शिवलेला वर्षभराचा पास! १८० युरोंच्या त्या बुटांसाठी लोक थंडीत रात्रभर रांगेत बसले होते. तुमच्याकडे देशभर चालणारा मासिक पास असेल तर तो महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. अकराव्या दिवशी जाग आली की पुढचा महिना तुम्ही पुण्यात आणि पास बर्लिनमध्ये.

धावपट्टीवर पतंग

टेम्पेलहोफचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये तिथे सार्वजनिक मैदान झालं. तीनशे हेक्टरांहून मोठं, आणि धावपट्ट्या जशाच्या तशा. त्यांच्यावर आता सायकली, स्केट आणि पतंग. कडेला घरं बांधायचा बेत होता. २०१४ मध्ये बर्लिनकरांनी जनमतानं तो हाणून पाडला. गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांसाठी उन्हाळ्यात काही भाग दोऱ्या लावून बंद असतो.

याच धावपट्ट्यांवर १९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनसाठी कोळसा आणि पीठ उतरत होतं. गेल हॅल्वर्सन हा अमेरिकन वैमानिक कुंपणापाशी जमणाऱ्या मुलांसाठी रुमालाच्या छत्र्यांना बांधून चॉकलेटं टाकायचा. आपलं विमान कोणतं, हे पोरांना कळावं म्हणून उतरण्याआधी पंख हलवायचा.

रानडुकरापासून सावध

शेवटची डुबकी ग्रुनेवाल्डच्या जंगलातल्या टॉयफेल्स तळ्यात मारणार असाल तर बॅगेवर लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये एका रानडुकरिणीनं दोन पिल्लांसह काठावर येऊन एका माणसाची पिवळी पिशवी पळवली. पिशवीत लॅपटॉप. हे तळं विवस्त्र पोहणाऱ्यांचं, त्यामुळे गृहस्थ होते त्याच अवस्थेत डुकरिणीमागे धावले. फोटो जगभर गेला. लॅपटॉप परत मिळाला.

अश्रूंचा महाल

निरोपासाठीच बांधलेली इमारत बघायची तर फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाला चिकटलेला काचेचा मंडप गाठा. १९६२ मध्ये पूर्व जर्मनीनं तो उभारला, पश्चिमेकडे परत जाणाऱ्यांच्या तपासणीसाठी. पश्चिमेची आत्या किंवा मित्र दिवसभराच्या परवान्यावर भेटायला यायचे आणि वेळ संपली की पूर्वेतले नातेवाईक त्यांना या दारापर्यंत सोडायचे. त्यापुढे जायची त्यांना मुभा नव्हती. लोकांनी त्याचं नाव ठेवलं त्रेनेनपलास्ट: अश्रूंचा महाल.

आत पासपोर्ट तपासणीच्या मूळ कोठड्या अजून आहेत. जेमतेम एक माणूस मावेल एवढी बोळकांडी, एका बाजूला काचेआड अधिकारी. २०११ पासून तिथे संग्रहालय आहे आणि प्रवेश फुकट. शेवटच्या दिवशी विमानाआधी तासभर उरला असेल तर तो इथे घालवा. आपण रडलो तरी डिसेंबरात पुन्हा तिकीट काढू शकतो, हे चांगलंच लक्षात येतं.

खाली बघून चाला

ज्यांना निरोपही घेऊ दिला नाही, त्यांची नावं फुटपाथवर आहेत. दगडावर दहा सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा, त्यावर नाव, जन्मसाल, कधी नेलं आणि कुठे मारलं. नाझींनी ज्यांना घरातून उचललं, त्यांच्याच दारासमोर. गुंटर डेमनिग या कलावंतानं बर्लिनमधले पहिले असे दगड १९९६ मध्ये क्रॉयत्सबेर्ग भागात बसवले, तेही परवानगी न घेता. आता युरोपभर एक लाखाहून जास्त आहेत. पितळ काळवंडतं, शेजारीपाजारी ते घासून चमकवतात.

इरावतीबाईंचं बर्लिन

मराठी माणसानं जाण्याआधी यू-३ मेट्रोनं डालेमला एक चक्कर मारावी. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी दाखल झाल्या होत्या. मार्गदर्शक ओयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादाला 'शास्त्र' पुरवणारे तेच फिशर. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक हा गोऱ्यांच्या वरचढ बुद्धीची खूण असावी, असं त्यांचं म्हणणं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष गुरूंपुढे ठेवला. आणि तरीही डॉक्टरेट घेऊनच परतल्या!

इहनेश्ट्रासे २२ ही ती इमारत आता विद्यापीठाकडे आहे. संस्थेच्या नाझी काळातल्या गुन्ह्यांची कबुली देणारा फलक १९८८ पासून तिथे लावलेला आहे.

शेवटचा घास

करीवुर्स्ट म्हणजे भाजलेलं सॉसेज, वर टोमॅटोचा रस्सा आणि करी पावडर. ४ सप्टेंबर १९४९ रोजी शार्लोटेनबुर्गमधल्या टपरीवर हेर्टा हॉयवर यांनी ते पहिल्यांदा केलं, अशी बर्लिनची नोंद. जागेवर फलकही आहे. करी पावडर ब्रिटिश सैनिकांकडून आली असं सांगतात. म्हणजे मसाला आपला, डबा इंग्रजांचा, सॉसेज जर्मन. बाईंनी रश्शाचं नाव 'चिलअप' म्हणून नोंदवलं आणि कृती अखेरपर्यंत कुणाला सांगितली नाही. शाकाहारी मंडळींनी भाज्यांचा कबाब घ्यावा. रांग मोठी असते, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला रांगेचं काय?

भिंतीचा तुकडा घ्यावा का?

दुकानात रंगीत सिमेंटचे खडे 'खरी बर्लिन भिंत' म्हणून मिळतात. पश्चिम बर्लिनला वेढणारी भिंत सुमारे १५५ किलोमीटर होती, त्यामुळे तुकडे पुष्कळ. खरे किती, हे विचारू नये. त्यापेक्षा रस्त्यात रोवलेल्या दगडांच्या दुहेरी ओळीवरून चाला, भिंत तिथूनच जात होती. ५ फेब्रुवारी २०१८ ला ती उभी होती तितकेच दिवस ती पडूनही झाले.

आणायचाच तर हॅटवाला आंपलमान आणा. सिग्नलमधला हा बुटका हिरवा माणूस १९६१ मध्ये कार्ल पेगलाऊ या वाहतूक मानसशास्त्रज्ञानं पूर्व बर्लिनसाठी काढला. एकीकरणानंतर त्याला हटवायला लागले, तेव्हा लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले. आता तो पश्चिमेतल्या सिग्नलवरही चालतो.

विमान उशिरा? विमानतळच उशिरा!

बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ ला उघडणार होता. आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालेना, म्हणून चार आठवडे आधी समारंभ रद्द झाला. प्रत्यक्ष उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. मधल्या काळात खालच्या स्टेशनात बुरशी धरू नये म्हणून रिकाम्या गाड्या पळवत होते, आणि एकही प्रवासी नसताना चालू राहिलेले सुमारे ७५० स्क्रीन आयुष्य संपल्यामुळे बदलावे लागले. तुमचं विमान दोन तास लेट असेल तर चिडू नका.

सूटकेस इथेच राहू दे

बर्लिन सोडणाऱ्यांत सगळ्यात नावाजलेली म्हणजे नटी मार्लेन डीट्रिक. 'द ब्लू एंजल' या सिनेमाचा पहिला खेळ १ एप्रिल १९३० रोजी झाला आणि त्याच रात्री ती अमेरिकेकडे निघाली. नाझींची बोलावणी धुडकावली, अमेरिकन नागरिक झाली, दोस्त सैन्यासाठी आघाडीवर गायली. बर्लिनमध्ये आपली एक सूटकेस अजून आहे, म्हणून परत यावंच लागेल, अशा अर्थाचं गाणं तिच्या आवाजात गाजलं; १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी बर्लिनच्या भाषणात त्याचा हवाला दिला. पण १९६० मध्ये ती गायला आली, तेव्हा काही बर्लिनकरांनी 'परत जा' असे फलक धरले होते. १९९२ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली आणि बर्लिनच्या फ्रीडेनाऊमध्ये, आईच्या जवळ तिचं दफन झालं. २००२ मध्ये शहरानं तिला मानद नागरिक केलं. बर्लिनला हा हिशेब मिटवायला बहात्तर वर्षं लागली. तुमचं डिपॉझिट त्यामानानं लवकर येईल.